नाइटमेअर सिटी : लॉजिक शून्य, मजा फुल्ल

इटालियन झॉम्बी सिनेमा म्हटलं की लोक लगेच दिग्दर्शक लुचिओ फुल्चीवर जातात, तो पाण्याखाली शार्कशी भिडणारा झॉम्बी वगैरे, आणि तो सीन भारी आहेच, वाद नाही. पण मला परत परत बघावासा वाटतो तो उम्बेर्तो लेन्झीचा १९८० चा 'नाइटमेअर सिटी'. चांगला सिनेमा आहे का? छे! पण कंटाळा येईल तर शपथ.

सुरुवातच बघा. विमानतळावर एक लष्करी हर्क्युलस विमान येतं, कंट्रोल टॉवरला उत्तर देत नाही, न विचारता उतरतं. पोलीस, सैनिक सगळे बंदुका रोखून उभे. दार उघडतं, एक प्रोफेसर साहेब शांतपणे बाहेर येतात आणि त्यांच्या मागून चाकू, कुऱ्हाडी, मशीनगन घेऊन जी टोळी उतरते ती सरळ कापाकापीच सुरू करते. म्हणजे झॉम्बी विमानाने आलेत आणि येताना हत्यारं पण घेऊन आलेत!

आणि हे पळतात. अमेरिकन दिग्दर्शक जॉर्ज रोमेरोचे झॉम्बी पाय ओढत यायचे, त्याचा 'डॉन ऑफ द डेड' १९७८ मध्ये इटलीत 'झॉम्बी' नावाने जोरदार चालला आणि मग तिकडे सगळ्यांनीच झॉम्बी काढायला घेतले. लेन्झी मात्र म्हणायचा की माझे झॉम्बी नाहीतच, ही रेडिएशनने बाधित झालेली माणसं आहेत, त्यांना रक्त हवंय. २००२ च्या '२८ डेज लेटर' नंतर पळणाऱ्या बाधितांचं केवढं कौतुक झालं, हा बाबा २२ वर्षं आधी त्यांना पळवून मोकळा झाला होता. लेन्झीने सत्तरच्या दशकात बरेच इटालियन पोलीस-गुंड टाइपचे सिनेमे काढले होते ना, ते इथे सगळीकडे दिसतं, भीती कशी हळूहळू चढवायची हे त्याला जमत नाही किंवा त्याला त्यात इंटरेस्टच नाही, पण धावपळ, गोळीबार, गाड्या हे हातचं काम. म्हणूनच सिनेमा तरतो.

बाकी बोंब आहे. मेकअप तर काय सांगू, काहींच्या तोंडावर वाळलेल्या चिखलाचे पापुद्रे आणि काहींना घाईत नुसतं फासलंय. हिरो ह्युगो स्टिग्लिट्झ (हो, टॅरँटिनोने 'इनग्लोरियस बास्टर्ड्स'मध्ये एका पात्राला हेच नाव दिलंय) टीव्ही रिपोर्टर आहे आणि शहर बुडालं तरी चेहऱ्यावरची रेष हलत नाही. पण हाच माणूस टीव्हीचा सेट उचलून फेकतो आणि तो बॉम्बसारखा फुटतो, तेव्हा मी टाळ्या वाजवतो. मेल फेरर जनरल झालाय, तो बहुतेक वेळ मीटिंगा घेतो आणि बातमी दाबतो. टीव्ही स्टुडिओत लाइव्ह डान्सचा कार्यक्रम चालू असताना हल्ला होतो तो सीन एकदम धमाल, फक्त तिथे आणि पुढेही बायकांवर हल्ला झाला की आधी कपडे फाटणार हे ठरलेलंच, ते तेव्हाही गल्ल्यासाठीच होतं आणि आज बघताना चीड येते. स्टेल्विओ चिप्रियानीचं म्युझिक मात्र मस्त, डोक्यात बसतं.

मधेच हिरोची डॉक्टर बायको माणसाच्या हावेवर आणि विज्ञानावर लेक्चर देते. विषय खरा आहे, पण जीव मुठीत घेऊन पळताना कोण असं बोलतं?

आता शेवट. (स्पॉयलर आहे, पण १९८० चा सिनेमा आहे, आता काय लपवायचं.) दोघं ॲम्युझमेंट पार्कमध्ये रोलर कोस्टरवर अडकतात, वरून हेलिकॉप्टर येतं, दोरी सोडतात, आणि बायकोचा हात सुटतो. एवढ्या उथळ सिनेमात हा क्षण खरंच लागतो. इथे थांबला असता तर लेन्झीला सगळं माफ होतं. पण नाही! हिरो दचकून जागा होतो, स्वप्न होतं म्हणे, मग उठून विमानतळावर जातो, तर तेच विमान उतरतंय. दीड तास आपण जे बघितलं ते गेलं पाण्यात, वर पडद्यावर लिहून पण दाखवतात की दुःस्वप्न आता खरं होतंय.

काही लोकांना हा शेवट ग्रेट वाटतो, चक्र पूर्ण होतं वगैरे. मला वाटतं स्क्रिप्ट कुठे संपवायची हेच कुणाला सुचलं नव्हतं. बघणार असाल तर दोरी सुटली की बंद करा.