‘व्याकरण सोडा, इंग्रजी आपोआप येईल’: या मेसेजमधल्या एकेका दाव्याबद्दल

सध्या एक मेसेज सगळीकडे फिरतोय. कुठे त्याचा व्हिडिओ झालाय, कुठे तो चित्रावर छापलाय, पण मजकूर साधारण एकच: “व्याकरणाची पुस्तकं फेकून द्या. लहान मूल व्याकरण शिकतं का? इंग्रज माणसाला तरी व्याकरणाचे नियम कुठे सांगता येतात? रोजच्या वापरातली ५०० वाक्यं पाठ करा, इंग्रजी ऐकत राहा, मनातही इंग्रजीतच विचार करा, चुकांची पर्वा करू नका. ३० दिवसांत फाडफाड इंग्रजी!”

मी मोठ्या माणसांना अगदी सुरुवातीपासून इंग्रजी शिकवते. हा मेसेज मनावर घेऊन महिना-दोन महिने वाक्यं घोकलेली माणसं माझ्याकडे येतात, तेव्हा ‘आपल्याच डोक्यात काहीतरी कमी आहे’ असं ती ठरवून आलेली असतात. मला राग येतो तो याचा. म्हणून एकेका दाव्याकडे नीट बघू.

पहिला दावा लहान मुलाचा. मूल पुस्तकातून व्याकरण शिकत नाही, हे बरोबर. पण ते व्याकरण शिकतच नाही, हे साफ चूक. १९५८ साली अमेरिकेत जीन बर्को या संशोधिकेने चार ते सात वर्षांच्या मुलांना एका काल्पनिक प्राण्याचं चित्र दाखवलं आणि सांगितलं, हा ‘वग’. मग तसे दोन प्राणी दाखवून विचारलं, आता हे दोन काय? बहुतेक मुलांनी ‘वग्ज’ असं उत्तर दिलं. हा शब्दच बनवलेला होता, त्यामुळे तो कुणी पाठ केलेला असणं शक्य नव्हतं. मुलांनी अनेकवचनाचा नियम कधीच काढून ठेवला होता आणि तो इथे लावला. आपल्या घरातही हे दिसतं. छोटी मुलं ‘मी करलं’ म्हणतात. कुठल्याही मोठ्या माणसाच्या तोंडून त्यांनी हे ऐकलेलं नसतं. ‘बसलं’, ‘पडलं’, ‘हसलं’ ऐकून त्यांनी स्वतःच नियम बांधलेला असतो.

मग मोठ्यांनीही तसंच ऐकून ऐकून नियम का काढू नयेत? कारण वेळ. मूल दिवसाचे दहा तास भाषेत वावरतं असं धरलं, तर तीन वर्षांत सुमारे ११,००० तास होतात. नोकरी-घर सांभाळून रोज एक तास काढणाऱ्या माणसाला तेवढे तास भरायला ३० वर्षं लागतील. शिवाय मोठ्या माणसाकडे एक गोष्ट असते जी मुलाकडे नसते: त्याला नियम समजावून सांगता येतो. १९७८ मध्ये नेदरलँड्समध्ये राहायला आलेल्या इंग्रजी भाषकांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. डच शिकताना सुरुवातीच्या महिन्यांत किशोरवयीन मुलं आणि प्रौढ पुढे होते, तीन ते पाच वर्षांची मुलं मागे. पुढे लहान मुलं मोठ्यांना गाठतात, उच्चारात तर मागेच टाकतात. पण ‘मोठं माणूस मुलापेक्षा कच्चं असतं, म्हणून त्याने मुलासारखंच शिकावं’ यातले दोन्ही अर्धे डळमळीत आहेत.

‘इंग्रज माणसाला तरी नियम कुठे सांगता येतात?’ नाही सांगता येत. आपल्याला तरी मराठीचे कुठे येतात? ‘मी पेपर वाचला’, ‘मी चिठ्ठी वाचली’, ‘मी पत्र वाचलं’. वाचणारी व्यक्ती तीच, तरी क्रियापद दर वेळी बदललं. आपण यात कधीही चुकत नाही आणि का बदलतं ते बहुतेकांना सांगता येत नाही. आता मराठी शिकणारी परदेशी व्यक्ती डोळ्यांसमोर आणा. ही तिन्ही वाक्यं ती ऐकेल, गोंधळेल, ‘मी चिठ्ठी वाचलो’ म्हणत राहील. भूतकाळात असं क्रियापद कर्माच्या लिंगाप्रमाणे चालतं, एवढं एक वाक्य तिला कुणी सांगितलं तर तिचे कित्येक महिने वाचतील. इंग्रजीत आपण नेमके त्या परदेशी माणसाच्या जागी असतो.

आता ५०० वाक्यं. इथे मला जरा थांबायचंय, कारण सगळ्यांत जास्त माणसं इथेच अडकतात.

पाठ केलेली वाक्यं उपयोगी असतात, यात वाद नाही. ‘हाउ आर यू?’, ‘कॅन यू रिपीट दॅट, प्लीज?’, ‘सॉरी, आय डिडन्ट गेट दॅट’ ही वाक्यं जिभेवर तयारच हवीत. मीही ती पहिल्या दिवसापासून म्हणून घेते. प्रश्न त्यानंतरचा आहे. समजा एकीने ‘आय वर्क इन ॲन ऑफिस’ पाठ केलं. समोरच्याने ‘व्हॉट डू यू डू?’ विचारल्यावर तिने ते झकास म्हटलं. मग तो विचारतो, ‘डज युवर सिस्टर वर्क देअर टू?’ तिला सांगायचंय की बहीण आधी तिथे काम करायची, आता नाही करत. ‘शी वर्क्ड देअर बिफोर. शी डजन्ट वर्क देअर नाउ.’ यातला जवळजवळ प्रत्येक शब्द तिला माहीत आहे. पण हे वाक्य यादीत नव्हतं, म्हणून ती गप्प बसते. तिच्याकडे काय नव्हतं? भूतकाळात ‘वर्क’चं ‘वर्क्ड’ होतं, ‘शी’बरोबर नकाराला ‘डजन्ट’ येतं आणि ‘डजन्ट’नंतरचं क्रियापद पुन्हा साधं राहतं. बस, इतकंच. एका संध्याकाळचं काम.

हिशेबच मांडा. आय, यू, ही, शी, वी, दे असे सहा कर्ते घ्या. होकार, नकार आणि प्रश्न असे तीन प्रकार. वर्तमान, भूत आणि भविष्य असे तीन काळ. एकाच क्रियापदाची ५४ वाक्यं झाली. दहा क्रियापदांची ५४०. म्हणजे मेसेजमधली अख्खी यादी दहा क्रियापदांतच संपली, आणि यात अजून ‘कधी’, ‘कुठे’, ‘का’ आलेलेच नाहीत. ज्याला नियम कळला तो ही वाक्यं लागतील तशी तयार करतो. ज्याला नाही कळला त्याने किती पाठ करायची?

आणि मराठी माणसासाठी आणखी एक अडचण आहे, जी नुसत्या पाठांतराने दिसतसुद्धा नाही. ‘कुत्रा मुलाला चावला’ म्हणा किंवा ‘मुलाला कुत्रा चावला’ म्हणा, चावा मुलालाच बसतो, कारण ‘ला’ सोबत आहे. इंग्रजीत तो ‘ला’ नाही. तिथे आधी कोण आलं यावरच सगळं ठरतं. ‘द डॉग बिट द बॉय’ उलटं केलंत तर मुलगाच कुत्र्याला चावला. आपल्या सवयीने शब्द मागेपुढे झाले की समोरच्याला भलतंच कळतं, आणि बोलणाऱ्याला कळत नाही की कुठे बिनसलं. कर्ता, मग क्रियापद, मग कर्म हा क्रम नवशिक्याने शिकायच्या व्याकरणातला सगळ्यांत मोठा तुकडा आहे, असं माझं ठाम मत आहे.

तसंच ‘आहे’चं. ‘मी तयार आहे’ला ‘आय ॲम रेडी’ चालतं, म्हणून ‘मला दोन भाऊ आहेत’लाही ‘ॲम’ घुसतं आणि ‘आय ॲम टू ब्रदर्स’ तयार होतं. ‘मी सहमत आहे’चं ‘आय ॲम अग्री’ तर रोज ऐकू येतं. आपल्याजवळ काही असणं सांगायचं तर ‘हॅव’, आपण कोण किंवा कसे आहोत ते सांगायचं तर ‘ॲम-इज-आर’, आणि ‘अग्री’ हे स्वतःच क्रियापद असल्यामुळे त्याला ‘ॲम’ लागतच नाही. हे तीन धागे सोडवून दिले की चेहऱ्यावरचा ताण उतरलेला मी बघितलाय.

‘ऐकत राहा, आपोआप येईल.’ ऐकणं हवंच, भरपूर हवं. पण नुसतं ऐकून काय होतं याचे मोठे दाखले आहेत. कॅनडात १९६५ पासून इंग्रजी घरांतल्या मुलांना शाळेत थेट फ्रेंचमधून शिकवण्याचे वर्ग सुरू झाले. वर्षानुवर्षं फ्रेंच कानावर पडून या मुलांना ती समजायला लागली ती जवळजवळ फ्रेंच मुलांइतकी. बोलण्या-लिहिण्यात मात्र व्याकरणाच्या चुका टिकून राहिल्या. भाषाशिक्षणाच्या संशोधिका मेरिल स्वेन यांनी १९८५ मध्ये त्यावरून मांडलं की ऐकून अर्थ लागतो, पण स्वतः वाक्य जुळवायला लागल्याशिवाय रचनेकडे लक्ष जात नाही. भाषा-संशोधक रिचर्ड श्मिट यांनी १९८३ मध्ये वेस या टोपणनावाने एका जपानी चित्रकाराची नोंद प्रसिद्ध केली. हा माणूस हवाईत राहायला आला, सतत इंग्रजी माणसांत वावरला, मोकळेपणाने गप्पा मारायला शिकला, पण सुमारे तीन वर्षांत त्याचं व्याकरण फारसं हललं नाही. कुणाला वेसइतकं पुरत असेल तर माझी काही हरकत नाही, त्याचं काम छान चालत होतं. पण मुलाखत द्यायची असेल, अर्ज लिहायचा असेल, तर ‘आपोआप’वर विसंबून चालत नाही. नॉरिस आणि ओर्टेगा या दोन संशोधकांनी २००० साली ४९ अभ्यासांचे निकाल एकत्र करून पाहिले, तेव्हा नियम उघडपणे समजावून शिकवलेल्यांची प्रगती अधिक दिसली.

चुकांची पर्वा करू नका, हा सल्ला अर्धा चांगला आहे. ‘शी वर्क’ म्हटलंत, शेवटचा ‘स’ राहिला, तरी काही बिघडत नाही. इंग्रजी मुलांच्याही तोंडी तो उशिरा बसतो, हे मुलांच्या भाषेचा अभ्यास करणाऱ्या रॉजर ब्राउन यांच्या १९७३ च्या अभ्यासात स्पष्ट दिसतं. त्यासाठी कुणी मध्येच टोकत असेल तर त्याला थांबवा. पण काल आणि उद्या यांची गल्लत, कोणी कोणाला काय केलं याची उलटापालट, प्रश्न विचारतोय की माहिती देतोय हेच न कळणं, या चुका अर्थ बदलतात. त्यांची पर्वा करायलाच हवी, आणि लवकर.

मनात इंग्रजीत विचार करा, हे तीनशे शब्द येणाऱ्याला सांगणं अन्यायाचं आहे. विचार मराठीतच येणार. येऊ द्या.

राहता राहिले ३० दिवस. युरोपात २००१ पासून भाषेच्या सहा पायऱ्यांची मोजपट्टी वापरतात. तिच्यातल्या दुसऱ्या पायरीला, म्हणजे साधं रोजचं बोलणं जमायला, केंब्रिजची परीक्षा घेणारी संस्था अंदाजे १८० ते २०० तासांचं मार्गदर्शनाखालचं शिक्षण धरते. रोज एक तास केला तर सहा-सात महिने. एका महिन्यात तीस तास होतात आणि तीस तासांत ओळख करून देणं, साधे प्रश्न विचारणं नक्की जमतं. तेवढ्यावर खूश व्हायला काहीच हरकत नाही. फाडफाड बोलता येत नाही म्हणून खचायला मात्र आहे.

मेसेज इतका का पसरला, तेही मला कळतं. शाळेत व्याकरण म्हणून आपल्याला मिळालं ते कर्तरीचं कर्मणी करा, या वाक्याचं अप्रत्यक्ष कथन करा, रिकाम्या जागा भरा. दहा वर्षं ते करूनही ‘तुम्ही कुठे राहता?’ विचारता आलं नाही, मग माणूस चिडणारच. नवशिक्याला यातलं काही लागत नाही. शब्दांचा क्रम, ‘बी’ (म्हणजे ते ‘ॲम-इज-आर’), ‘हॅव’ आणि ‘डू’ यांची रूपं, तीन साधे काळ, नकार आणि प्रश्न, थोडी शब्दयोगी अव्ययं. एका वहीच्या काही पानांत मावणारं हे व्याकरण आहे, आणि ते तोंडाने करायचं असतं.

तुमच्याकडे ती ५०० वाक्यांची यादी असेलच, तर तीच घ्या. त्यातलं एक वाक्य उचला, समजा ‘आय लिव्ह हिअर’. मोठ्याने नकार करा: ‘आय डोन्ट लिव्ह हिअर.’ प्रश्न करा: ‘डू यू लिव्ह हिअर?’ माणूस बदला: ‘डज शी लिव्ह हिअर?’ काळ बदला: ‘डिड शी लिव्ह हिअर?’ इथे जीभ ‘डिड शी लिव्ह्ड’कडे जाईल, तेव्हा थांबा आणि ‘डिड’ने काळ आधीच सांगितलाय हे स्वतःला आठवण करून द्या. मग ‘व्हेअर’ लावा: ‘व्हेअर डिड शी लिव्ह?’ आता यादी मिटा आणि हेच ‘वर्क’ घेऊन करा.