आधी वॉरंट आणा

माझ्या भाच्याला गेल्या वर्षी रात्री क्लासहून घरी येताना नाकाबंदीत थांबवलं. लायसन्स पाहून झालं, पीयूसी पाहून झालं, आणि मग हवालदाराने हात पुढे केला. "मोबाइल दे. लॉक काढ." पोरगा १९ वर्षांचा. त्याने लॉक काढलं. पुढची दहा मिनिटं त्याचं व्हॉट्सॲप, गॅलरी, मैत्रिणीचे मेसेज रस्त्यावर उभ्या उभ्या वाचले गेले. काही सापडलं नाही म्हणून सोडून दिलं. कागदावर नोंद काहीच नाही.

ताईने हे घरच्या ग्रुपवर लिहिलं, तेव्हा पहिलं उत्तर आलं ते भाच्याच्या काकांचं: "लपवण्यासारखं काही नसेल तर दाखवायला काय जातं?" त्यावर तिघा-चौघांचे अंगठे. मी अमेरिकेतल्या एका निकालाबद्दल दोन ओळी लिहिल्या, तर एका मावसभावाने विचारलं, "तुमचे पोलीस तर सरळ गोळ्या घालतात, त्यांचं काय कौतुक?"

त्याचा प्रश्न खरा आहे. मी २१ वर्षं अमेरिकेतल्या क्लीव्हलंडजवळ राहते. याच शहरात २०१४ साली तामिर राइस हा खेळण्यातलं पिस्तूल घेऊन बागेत असलेला १२ वर्षांचा मुलगा पोलिसाच्या गोळीने गेला. त्या पोलिसावर खटला उभा राहिला नाही. तेव्हा इथले पोलीस सज्जन आणि आपले दुर्जन, असं मला मुळीच म्हणायचं नाही. मला सांगायची आहे ती वेगळी गोष्ट, आणि तीही याच शहरात घडली.

मे १९५७. मिल्व्हर्टन रोडवरच्या एका घराच्या दारात पोलीस आले. एका बॉम्बस्फोटातला संशयित आत लपलाय, अशी खबर होती. घर डॉलरी मॅप या कृष्णवर्णीय बाईंचं. त्यांनी वकिलाला फोन केला आणि पोलिसांना सांगितलं, वॉरंट असल्याशिवाय आत घेणार नाही. काही तासांनी पोलीस जास्त माणसं घेऊन परतले आणि दार फोडून घुसले. बाईंनी पुन्हा वॉरंट मागितलं, तेव्हा एकाने कागद नाचवला. बाईंनी तो हिसकावून छातीशी खोचला. पोलिसांनी झटापट करून तो परत घेतला आणि त्यांना बेड्या घातल्या. मग कपाटं, पेट्या, मुलीची खोली, सगळं उपसलं. एका ट्रंकेत काही अश्लील पुस्तकं आणि चित्रं मिळाली, आणि खटला भरला गेला तो त्यांच्यावर. तो नाचवलेला कागद न्यायालयात कधीच आला नाही.

१९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांची शिक्षा रद्द केली. झडती बेकायदा असेल, तर त्यात मिळालेला पुरावा देशातल्या कुठल्याही न्यायालयात चालणार नाही, असं ठरलं. केंद्र सरकारच्या खटल्यांना हा नियम १९१४ पासून होताच, आता तो राज्यांच्या पोलिसांनाही लागू झाला. माझ्या मते अमेरिकेतल्या नागरिकाच्या हक्कांचा कणा इथे आहे. अवाजवी झडतीपासून संरक्षण देणारी घटनेची चौथी दुरुस्ती १७९१ पासून छापलेली होती, पण ती मोडल्यावर पोलिसाचं काही बिघडत नव्हतं. १९६१ नंतर बिघडायला लागलं. केस हातची जाते, वरिष्ठ विचारतात, सरकारी वकील वैतागतो. म्हणून पोलीस वॉरंट मागायला शिकले. मन बदलून शिकले नाहीत, नुकसान होतं म्हणून शिकले.

या नियमाला विरोध होताच. न्यायाधीश कार्डोझो यांनी १९२६ मध्येच विचारलं होतं, शिपायाने चूक केली म्हणून गुन्हेगार मोकळा सुटावा का? हा प्रश्न मला आजही टोचतो, कारण कधी कधी खरोखर गुन्हेगार सुटतो. पण शिपायाच्या चुकीची किंमत कुणीच मोजायची नाही असं ठरवलं, तर ती चूक राहत नाही, रीत होते. भाच्याच्या बाबतीत तेच झालं.

आता मोबाइलकडे येते. २००९ मध्ये सॅन दिएगोत डेव्हिड रायलीची गाडी थांबवली गेली ती नोंदणीची मुदत संपली म्हणून. गाडीत बंदुका मिळाल्या, अटक झाली, आणि पोलिसांनी त्याचा फोन चाळला. त्यातल्या फोटोंवरून एका गोळीबाराशी त्याचा संबंध जोडला गेला. अटक केलेल्या माणसाच्या खिशात जे असेल ते तपासता येतं, हा जुना नियम. पाकीट, सिगारेटचं खोकं, तसाच फोन, असं सरकारचं म्हणणं. २०१४ मध्ये नऊच्या नऊ न्यायमूर्तींनी ते नाकारलं. उदारमतवादी आणि पुराणमतवादी, दोन्ही बाजूंचे. पोलिसांनी काय करायचं, याचं उत्तर सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी साध्या शब्दांत दिलं: वॉरंट आणा. आणि लक्षात घ्या, हा माणूस अटकेत होता, गोळीबाराचा आरोपी होता. माझा भाचा क्लासहून घरी चालला होता.

इथलं सगळं आलबेल आहे असं नाही. २०१८ च्या कार्पेंटर खटल्यात १२७ दिवसांची मोबाइल टॉवरची माहिती वॉरंटशिवाय घेणं घटनाबाह्य ठरलं, तेही अवघ्या ५ विरुद्ध ४ मतांनी. पण पोलीस तेव्हाच्या कायद्यावर प्रामाणिकपणे विसंबले होते म्हणून खालच्या न्यायालयाने कार्पेंटरची शिक्षा कायम ठेवली. लोकांच्या हालचालींची माहिती सरकारी खाती दलालांकडून विकत घेतात, तिथे हा निकाल थेट पोचत नाही. परदेशातून येताना विमानतळावर तर बहुतेक न्यायालयं वॉरंटचा नियम लावतच नाहीत. मुंबईहून परतताना रांगेत उभी असते तेव्हा माझाही हात फोनवर घट्ट होतो.

आपल्याकडे काय आहे? २४ ऑगस्ट २०१७ रोजी आपल्याही नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खासगीपणाचा हक्क मूलभूत ठरवला. मुख्य निकालपत्र न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांचं. आणीबाणीत नागरिकाला न्यायालयाचं दारही बंद करणारा १९७६ चा जबलपूर निकाल त्यांनी त्यात मोडीत काढला, आणि त्या निकालावर त्यांच्या वडिलांची, यशवंतराव चंद्रचूडांची सही होती. ते वाचताना माझे डोळे भरून आले होते. पण आपल्याच सर्वोच्च न्यायालयाच्या १९७३ च्या पूरणमल निकालाचं काय? झडती बेकायदा असली तरी मिळालेला पुरावा केवळ तेवढ्यासाठी बाद होत नाही, असं तो सांगतो, आणि त्याचा एक आधार असा की आपल्या घटनेत खासगीपणाचा हक्क नाही. २०१७ मध्ये हा आधार गेला, वरची भिंत तशीच उभी आहे. म्हणजे हक्क आहे आणि तो मोडणाऱ्याचं काहीच जात नाही.

याचा अनुभव महाराष्ट्राइतका कुणाला आहे? बाळासाहेब ठाकरे गेले तेव्हा, नोव्हेंबर २०१२ मध्ये, पालघरच्या एका मुलीने बंदबद्दल फेसबुकवर लिहिलं, दुसरीने ते लाइक केलं, आणि दोघींना अटक झाली. त्यातून उभ्या राहिलेल्या याचिकेवर २०१५ मध्ये माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६ अ कलम रद्द झालं. आपण सुटकेचा श्वास सोडला. तरीही पोलीस ठाण्यांत त्याच कलमाखाली गुन्हे नोंदवले जात राहिले. २०२१ मध्ये हे ऐकून सर्वोच्च न्यायालय थक्क झालं आणि २०२२ मध्ये त्याला पुन्हा आदेश काढावा लागला. मेलेल्या कलमाखाली माणूस पकडणाऱ्याला कुणी जाब विचारत नव्हतं, एवढंच त्याचं कारण.

ग्रुपवर एक मुद्दा नेहमी येतो. न्यायाधीशांनीच न्यायाधीश निवडण्याची कॉलेजियम पद्धत बंद करा, अमेरिकेसारख्या उघड नेमणुका करा. कॉलेजियमच्या बंद दाराचं समर्थन मी करणार नाही. पण २०१६ मध्ये इथल्या सिनेटने सर्वोच्च न्यायालयासाठी सुचवलेल्या मेरिक गार्लंड यांची सुनावणीच घेतली नाही, आणि २०२० मध्ये निवडणुकीला आठ दिवस असताना ॲमी बॅरेट यांची त्याच न्यायालयावर नेमणूक पार पाडली. दोन वर्षांत, ४९ वर्षं टिकलेला गर्भपाताचा देशव्यापी घटनात्मक हक्क गेला. माझी मुलगी ज्या हक्कासह जन्मली, तो तिच्या विशीत कुणाची खुर्ची कधी रिकामी झाली यावर गेला. ही पद्धत उचलू नका, कळकळीने सांगते. घ्यायचं असेल तर बेकायदा पुरावा बाद करणारा तो नियम घ्या.

त्याची वाट घरातच आहे. ऑक्टोबर २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका लाचखोरीच्या प्रकरणात फोन टॅप करण्याचे आदेश बेकायदा ठरवले आणि ती ध्वनिमुद्रणं नष्ट करायला सांगितली. २०१७ च्या निकालाचाच आधार घेऊन. त्या निकालाबद्दल आपल्या ग्रुपवर कधी कुणी लिहिलेलं मला आठवत नाही.

भाच्याने मला विचारलं, "मावशी, पुढच्या वेळी नाही म्हणू का?" रात्री अकराला, एकट्याने, नाही म्हण, असं माझ्याच्याने सांगवलं नाही. नाव आणि बिल्ला क्रमांक लक्षात ठेव, कुठल्या कलमाखाली बघताय ते शांतपणे विचार, असं सांगितलं. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या १०५ व्या कलमात झडती-जप्तीचं चित्रीकरण करायला सांगितलंय, तेही पाठवलं. ताईला मी लेखी तक्रार द्यायला लावली. तिची पोच मिळाली आहे, उत्तर अजून आलेलं नाही.