मामा, जात कोणती घेताय?

रविवारी सकाळी साडेदहाला, डहाणूकर कॉलनीतल्या आमच्या फ्लॅटच्या उघड्या दारात उभं राहून भाच्याने खणखणीत आवाजात विचारलं, "मामा, जात कोणती घ्यायची ठरलं का?" समोरच्या काकू दुधाची पिशवी हातात घेऊन जागीच थबकल्या. मी घाईघाईने दार लावून घेतलं. दार लावल्यामुळेच प्रकरण संशयास्पद झालं, असं बायकोचं मत आहे.

खेळ 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन या दोघांनी 1974 साली अमेरिकेत काढलेला. एकाने गोष्ट रचत जायची, त्याला डीएम म्हणतात. बाकीच्यांनी त्या गोष्टीतली पात्रं व्हायचं आणि काही धाडस करायचं झालं की वीस बाजूंचा फासा टाकायचा. भाच्याच्या कंपूतला एक मुलगा नोकरीसाठी बंगळुरूला गेला आणि त्याच्या जागी माझी भरती झाली. मला वाटलं, बसायचं आणि खेळायचं. पण आधी कॅरॅक्टर बनवायचं असतं. त्यात माझे चार रविवार गेले. एवढ्यात तर आमचं लग्न जमलं होतं.

भाच्याकडचं पुस्तक 2014 सालचं. त्यात नऊ जाती, म्हणजे इंग्रजीत 'रेस', आणि बारा क्लास, म्हणजे पात्राचा धंदा. "म्हणजे 108 प्रकार," मी हिशेब केला. आई आतून म्हणाली, "एक जपमाळ झाली की." तेवढ्यात भाच्याने पान उलटलं. एल्फ म्हणजे परीकथेतले टोकदार कानांचे लोक; त्यांच्यात हाय एल्फ, वुड एल्फ आणि ड्रो. ड्वॉर्फ म्हणजे बुटके दाढीवाले; त्यांच्यात डोंगरातले वेगळे, टेकडीवरचे वेगळे. पोटजाती! सातासमुद्रापलीकडच्या लोकांनी डोकं लढवून काल्पनिक जग उभं केलं आणि त्यातही पोटजातीचा रकाना ठेवला, हे पाहून मला एकदम घरच्यासारखं वाटलं.

याच खेळाच्या 1981 च्या बेसिक संचात तर एल्फ, ड्वॉर्फ आणि हाफलिंग हे क्लासच होते. ड्वॉर्फ कुळात जन्मलात की ड्वॉर्फगिरी करायची, विषय संपला. पुढे जात आणि धंदा यांची फारकत झाली आणि 2014 च्या पुस्तकात क्लास किती? बारा. गावगाड्याची आठवण येऊ नये म्हणून मी पाणी प्यायलो.

कंपूतली कर्वेनगरची मुलगी मात्र 2024 ची आवृत्ती घेऊन आली होती. त्यात 'रेस' शब्द जाऊन 'स्पीशीज' आलाय. "जात नाही म्हणायचं मामा, प्रजाती." नव्या पुस्तकात अंगच्या गुणांची वाढ प्रजातीवरून मिळत नाही, तुम्ही आधी काय करत होतात त्यावरून मिळते, आणि आधी क्लास निवडायचा, प्रजाती मागाहून. मला हे पटलं. पण डीएम भाचा, पुस्तक भाच्याचं, त्यामुळे सुधारणा लांबणीवर पडली.

पहिल्या रविवारी मी 'ह्यूमन' म्हटलं. चारही पोरांनी माझ्याकडे कीव केल्यासारखं पाहिलं. "मामा, माणूस तर तुम्ही घरी असताच." मग हाफ-एल्फ. आईने विचारलं, म्हणजे काय? आंतरजातीय, मी सांगितलं. "मग? घरच्यांनी स्वीकारलं का?" पुस्तकात लिहिलंय की दोन्हीकडचे त्याला पुरतं आपलं मानत नाहीत. नव्या आवृत्तीच्या यादीतून तर हाफ-एल्फ गेलाच आहे. "बघ," आई म्हणाली, "शेवटी नावच काढून टाकलं."

हाफलिंग मात्र तिला फार आवडला. तीन फूट उंची, खाण्यापिण्याची हौस, घर बरं आपण बरं. फाशावर 1 पडला तर त्याला पुन्हा टाकायला मिळतो. "अरे, हा तर तूच! घेऊन टाक." नेमक्या याच कारणाने मी तो नाकारला. रविवारची झोप मोडून मीच व्हायचं असेल तर मी झोपतो.

दुसरा रविवार क्लासचा. फोनवर "बारा क्लास आहेत, एकही झेपेल असं वाटत नाही," असं म्हणालो, तर समोरच्या काकूंनी संध्याकाळी गणिताच्या सरांचा नंबर आणून दिला. "मामा, तुम्ही रोग व्हा," असं एक पोरगं म्हणालं आणि आईने त्याला अभद्र बोलू नये म्हणून झापलं. रोग म्हणजे तिथे भुरटा, कुलपं उघडणारा. पण तिने ऐकून घेतलं नाही.

जादू करणाऱ्यांपैकी तिघे मला लगेच कळले. विझार्ड रोज सकाळी वही उघडून मंत्रांची उजळणी करतो; म्हणजे पेठेतल्या अभ्यासिकेतला, परीक्षा देणारा. सॉर्सररला जादू जन्मजात, घराण्यातच गळा. वॉरलॉकने कुणा मोठ्या शक्तीशी करार केलेला असतो. वशिला.

तिसऱ्या रविवारी गुण काढले. सहा बाजूंचे चार फासे टाकायचे, सर्वांत लहान आकडा सोडून बाकी तिघांची बेरीज, असं सहा वेळा. मला 15, 12, 11, 10, 9 आणि 7 पडले. हे ताकद, चपळाई, काटकपणा, बुद्धी, शहाणपण आणि करिष्मा यांत वाटायचे. बुद्धी आणि शहाणपण वेगवेगळे मोजतात, याचं पुण्यात कुणाला आश्चर्य वाटू नये. 7 कुठे टाकावा या विचारात मी तासभर होतो. बायको कणीक मळता मळता म्हणाली, "अहो, करिष्म्यात टाका. खोटं कशाला लिहायचं?" त्यासरशी बार्ड, पॅलाडिन, सॉर्सरर आणि वॉरलॉक हे चार दरवाजे बंद झाले. सगळे करिष्म्यावर चालणारे. गळा, वशिला, सगळंच गेलं.

चौथ्या रविवारी निवड अशी उरलीच नव्हती. बाकीच्यांनी आपापलं मस्त ठरवून ठेवलं होतं: तलवारी, आग, झाडावरून उड्या. "मामा, आपल्याकडे क्लेरिक नाहीये." क्लेरिक म्हणजे पुजारी, इतरांच्या जखमा बऱ्या करणारा. त्यांचा सूर मी ओळखला. याच सुरात मला सोसायटीचा खजिनदार केलं होतं. क्लेरिकला शहाणपण लागतं म्हणून 15 तिकडे गेला, टेकडीवरच्या ड्वॉर्फला ते आणखी 1 वाढवून मिळतं म्हणून जात ठरली, पोटजातही ठरली. सगळं पत्रिका जुळवावी तसं.

खेळ सुरू झाला. वाटेत गॉब्लिन, म्हणजे दुष्ट बुटके, आले. बाकीचे 30 फूट पळाले, ड्वॉर्फ 25 फूटच जातो. मागे राहिलो तो मी, सर्वांना बरं करणारा. तीन बाण लागून पडलो. आता जगण्यासाठी फासा: 10 किंवा वर पडला तर एक यश, खाली पडला तर एक अपयश, तीन अपयशं झाली की संपलं. मला बरं करू शकणारा एकमेव माणूस बेशुद्ध होता. बाकीचे गॉब्लिनांच्या खिशातल्या नाण्यांवरून भांडत होते.

पहिला फासा 6. दुसरा 1. आणि 1 पडला तर ती दोन अपयशं धरतात.

"हाफलिंग असता तर परत टाकायला मिळाला असता," भाचा हळूच म्हणाला.

आईने शेंगा सोलता सोलता मान वर केली नाही. "कोरा फॉर्म दे रे त्याला," ती म्हणाली.