‘तुला नाही जमणार’ हे मुलांना कोण सांगतं?

शालेय जिल्हास्तर स्पर्धा लागल्या की एकदा 14 वर्षांखालच्या मुलींची खो-खोची मॅच बघायला या. मॅच बघालच, पण आधी रेषेबाहेर उभ्या असलेल्या मोठ्या माणसांचं बोलणं ऐका. ‘अगं ऊठ की’, ‘झोपली का काय ही’, ‘हिला कशाला घेतलं टीममध्ये’. आठ जणी मध्ये बसलेल्या असतात, जागचं हलता येत नाही आणि हे सगळं स्पष्ट ऐकू येतं. दोन-तीनदा असं ऐकलेली मुलगी मग काय करते माहितीय? खो मिळायच्या आधीच अर्धवट उठते. फाऊल. परत ओरडा. पुढच्या वेळी खो मिळाला तरी ती क्षणभर थांबते, आधी बाहेर सरांकडे बघते आणि मग उठते, तोपर्यंत पळणारी दोन पाट्या पुढे गेलेली असते. लोक म्हणतात हिची रिफ्लेक्सच स्लो आहे. रिफ्लेक्स एकदम चांगली असते हो, प्रॅक्टिसला कोणी बघत नसताना हीच पोरगी सूर मारून खांबावर गडी काढते!

मी इतकी वर्षं मुलींना खो-खो शिकवतेय आणि आता पक्कं मत झालंय की आपल्याकडची बहुतेक पोरं हरल्यामुळे खेळ सोडत नाहीत, आपण त्यात काहीच नाही असं वाटायला लागल्यामुळे सोडतात. आणि हे वाटणं आपण मोठी माणसं तयार करतो, नेमकं चुकीच्या वयात.

वय का म्हणते ते सांगते. जॉन निकोल्स म्हणून एक मानसशास्त्रज्ञ होते, त्यांनी लहान मुलांचा बराच अभ्यास केला. सहा-सात वर्षांच्या मुलाला वाटतं की जो जास्त घाम गाळतो तोच भारी. मेहनत आणि हुशारी त्याच्यासाठी एकच. साधारण 11-12 च्या आसपास मूल हे वेगळं करायला लागतं, म्हणजे तो कमी प्रॅक्टिस करून माझ्याएवढं खेळतो मग तो ‘टॅलेंटेड’ आणि मी नुसती धडपडणारी. आता बघा, आपली निवड चाचणी कधी असते? बरोबर याच वयात. मूल स्वतःला पहिल्यांदा दुसऱ्याच्या मापाने मोजायला शिकत असतं आणि आपण त्याच्यासमोर यादी वाचून दाखवतो, तुझं नाव नाही.

त्या यादीत तरी काय असतं? 14 वर्षांखालच्या गटात एक मूल जानेवारीत जन्मलेलं, दुसरं त्याच वर्षी डिसेंबरमध्ये, जवळपास वर्षाचा फरक. वर एखादी मुलगी सहावीतच उंच झालेली असते, दुसरीची उंची नववीत वाढणार असते. आज जी लांब पावलं टाकते ती निवडली जाते, तिला जास्त प्रॅक्टिस मिळते, मॅचेस मिळतात, मग ती खरंच चांगली होते आणि आपण म्हणतो बघा मी ओळखलं होतं. घरी गेलेल्या दहा जणींचं काय झालं असतं हे आपल्याला कधीच कळत नाही.

मुलांनी स्वतः केलेले नियम बघा. गल्लीत खेळताना धाकटा भाऊ मागे लागला की त्याला कच्चा लिंबू करतात. तो धावतो, ओरडतो, आऊट झाला तरी खेळतो, आणि बघता बघता एक दिवस स्वतःच म्हणतो की मी आता पक्का भिडू. कोणी चाचणी घेतली नाही, कोणी सर्टिफिकेट दिलं नाही. त्याला वाटलं आता जमतंय. हा जो निर्णय आहे ना, तो मुलाचा स्वतःचा असणं किती मोठी गोष्ट आहे! डेसी आणि रायन या दोन मानसशास्त्रज्ञांची अख्खी थिअरी यावरच उभी आहे, माणसाला आतून काही करावंसं वाटायला तीन गोष्टी लागतात: हे मी माझ्या मनाने करतोय, हे मला जमतंय आणि इथे माझी माणसं आहेत. आपण अकॅडमीची फी भरून बऱ्याचदा तिन्ही काढून घेतो.

मार्कांचं पण बोलूया. दहावी-बारावीला खेळाचे 25 पर्यंत सवलतीचे गुण मिळतात, सरकारी नोकरीत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे. मी याच्या विरोधात अजिबात नाही. शेतमजुराच्या घरातली पोरगी खेळाच्या कोट्यातून पोलिसात लागली की काय बदलतं हे मी जवळून बघितलंय, त्यामुळे ‘खेळ फक्त आनंदासाठी’ वगैरे मला कोणी सांगू नये. पण सातवीतल्या मुलीसमोर तिची आई जेव्हा विचारते की मॅडम ही स्टेटपर्यंत जाईल का, नाहीतर क्लास लावते, तेव्हा त्या मुलीला काय कळतं? की आपण जे करतोय त्याला मार्क असतील तरच अर्थ आहे. 1973 साली लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी नर्सरीतल्या मुलांवर प्रयोग केला होता. ज्या मुलांना चित्र काढायला मनापासून आवडायचं, त्यातल्या काहींना आधीच सांगितलं की चित्र काढलं तर छान सर्टिफिकेट मिळेल. थोड्या दिवसांनी बघितलं तर तीच मुलं मोकळ्या वेळेत चित्र काढायला कमी जायला लागली होती. ज्यांना काही कबूल केलं नव्हतं ती आधीसारखीच रमलेली. आपल्याकडे दहावीचा रिझल्ट लागला की बूट माळ्यावर जातात, ते याच्यामुळेच.

जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला वर्ल्ड कप झाला, आपल्या दोन्ही टीम जिंकल्या, दोन्ही कॅप्टन महाराष्ट्राचे, प्रियांका इंगळे आणि प्रतीक वाईकर. काय आनंद झाला होता मैदानावर! पोरी नाचल्या अक्षरशः. पण लगेच पालकांचा प्रश्न आला, किती वर्षांत नॅशनल? अहो तिला आधी खेळू द्या की.

मुलींचं तर अजून वेगळं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासात (146 देश, 2016 पर्यंतचे आकडे) 11 ते 17 वयाची 81 टक्के मुलं रोज तासभरसुद्धा हालचाल करत नाहीत असं दिसलं, मुली 85 टक्के, मुलगे 78. सुझन हार्टर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी मुलं स्वतःकडे कसं बघतात हे मोजलं, अभ्यास, खेळ, मित्र, दिसणं असं वेगवेगळं, आणि ‘मी एकूण कशी आहे’ याच्याशी सगळ्यात घट्ट जोडलेलं निघालं ते दिसणं. सातवी-आठवीतली मुलगी अंग बदलत असताना शंभर लोकांसमोर शॉर्ट्स घालून सूर मारते, ही किती हिमतीची गोष्ट आहे याचा विचार करा, आणि मग तिला ‘जाडी’ म्हणून हाक मारा. पाळी आलेली असताना फिकट रंगाची शॉर्ट्स आणि मैदानावर एक टॉयलेट नाही. मग म्हणायचं मुलींना मोटिव्हेशन नाही. मोटिव्हेशन नंतर बघू, आधी गडद रंगाची शॉर्ट्स आणि पाणी असलेलं टॉयलेट द्या.

बदल होतो का? होतो. अमेरिकेत सिएटलला स्मिथ आणि स्मॉल या मानसशास्त्रज्ञांनी लहान मुलांच्या बेसबॉल कोचेसना काही तासांचं एकच ट्रेनिंग दिलं. चांगलं केलं की बोलून दाखवा, प्रयत्नाचं कौतुक करा, चूक झाली की आधी धीर द्या मग नीट कसं करायचं ते सांगा, शिक्षा नको. बस एवढंच. 1992 मध्ये छापलेल्या त्यांच्या अभ्यासात पुढच्या सीझनला साध्या कोचेसकडची 26 टक्के मुलं सोडून गेली, ट्रेनिंगवाल्यांकडची 5 टक्के. मॅचेस दोघांनी सारख्याच जिंकल्या होत्या. आणि स्वतःबद्दल कमी वाटणाऱ्या मुलांना याचा सगळ्यात जास्त फायदा झाला. नॉर्वेत तर 11 वर्षांच्या आत रँकिंग लावत नाहीत, 13 च्या आत नॅशनल चॅम्पियनशिप नाही. पुणे जिल्ह्यापेक्षा कमी लोकसंख्येचा देश, 2022 च्या हिवाळी ऑलिम्पिकमध्ये 16 गोल्ड, सगळ्यांत जास्त.

आमच्याकडे आता 12 च्या आतल्या प्रत्येक मुलीला प्रॅक्टिस मॅचमध्ये एक पूर्ण डाव बसायला आणि पळायला मिळते, कशीही खेळत असली तरी. फाऊल झाला तर बाहेरून कोणी बोलायचं नाही, डाव संपल्यावर मी तिच्याशी बोलते. पालकांना सांगितलंय की घरी जाताना ‘किती गडी काढले’ विचारू नका, ‘आज नवीन काय जमलं’ विचारा. काहींना पटलंय, काही अजून नाराज आहेत, एकांनी मुलगी काढून दुसरीकडे घातली.

तुमच्यापैकी ज्या सरांनी, मॅडमनी आठवीनंतरही मुलींची टीम टिकवून ठेवलीय त्यांनी कमेंटमध्ये नक्की लिहा, विशेषतः घरच्यांना कसं समजावलं आणि कपड्यांचं काय केलं. आणि ज्यांच्या शाळेत पीटीचा तास अजून गणिताला जातो, त्या पालकांनी पुढच्या पालकसभेत टाइमटेबल घेऊन जा आणि हेडसरांना सगळ्यांसमोर विचारा.