बादलीतलं बाळंतपण

रविवारी सकाळी मी बागेतल्या तळ्यात कोपरापर्यंत हात घालून गुंडगिरी मोडून काढत होतो. दोन सडपातळ गोल्डफिश एका गोलमटोल गोल्डफिशच्या हात धुऊन मागे लागले होते. पोटाला ढुशा काय, पाणवेलीत रेटणं काय! पाणी सगळं माझ्या अंगावर.

तेवढ्यात कुंपणावर शेजारचे काका उगवले. तोंडात ब्रश. ब्रश तोंडात असला की काकांना जगातलं सगळं कळतं, आणि तो अर्धा तास तरी असतो.

"ओग आहे."

"काय?"

काकांनी फेस थुंकला. माझ्या बाजूला. "रोग! पांढरे ठिपके बघा. मीठ टाका."

ठिपके होते खरे, टाचणीच्या टोकाएवढे; पण त्या दोघांच्याच कल्ल्यांवर आणि पुढच्या परांच्या कडेला. तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली.

"काका, हे नर आहेत. विणीच्या हंगामात येतात असे ठिपके."

"मग मारामारी कशाला करतायत?"

"मारामारी नाहीये ती."

"मग काय आहे?"

पलीकडे काकू कपडे वाळत घालत होत्या. "पाणी वीस अंशांच्या आसपास तापलं की..." असं म्हणून मी हवामानावर घसरलो.

दुपारी पाणवेलीच्या मुळांना चिकट, पारदर्शक मणी लागलेले. जेमतेम मिलिमीटरभर. आणि जिच्यासाठी मी बाह्या भिजवल्या, ती माउलीच ते मटकावत फिरत होती! बापही मागे नव्हते. शेकड्यांनी अंडी घालायची आणि वर आपणच फडशा पाडायचा, हा कुठला संसार? मी मुळांचा एक झुबका बादलीत हलवला. पाण्याच्या उबेप्रमाणे चार ते सात दिवसांत पिल्लं निघतात. ती सोनेरी वगैरे नसतात. आधी काचेसारखी, मग मळकट. रंग चढायला महिने लागतात. माझी तयारी होती.

आज पाचवा दिवस. बादली उपडी. घासूनपुसून लख्ख.

"डासांची पैदास चालली होती तुमच्याकडे," कुंपणावरून काका, ब्रशसकट. "फाटक उघडंच होतं. दिलं ओतून गुलाबाला. अहो, अळ्या वळवळत होत्या चांगल्या!"

वळवळत होत्या. म्हणजे निघाली होती.

"थँक्यू वगैरे नको हं," काका म्हणाले.

मी म्हटलेलंच नव्हतं.