पीएन जंक्शन जुने होते म्हणून पेटंट खोटे ठरत नाही

अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या माझ्या भाच्याने एक संदेश खरा मानून मला पाठवला, म्हणून हे लिहिणे भाग पडले. एकाच चिपवरील घटक परस्परांपासून विलग ठेवण्याच्या रचनेसाठी संशोधक कुर्ट लेहोवेक यांना 1962 मध्ये अमेरिकेत मिळालेले पेटंट ही लूट होती, कारण पीएन जंक्शन (पी आणि एन प्रकारच्या सेमीकंडक्टर थरांचा सांधा) एका दिशेने प्रवाह अडवते हे आधीच ठाऊक होते, असा त्या संदेशाचा दावा आहे. शिवाय अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या केएसआर निकालानंतर जुन्या गोष्टींच्या जोडणीला पेटंट मिळतच नाही आणि सारे पेटंट कार्यालयातल्या परीक्षकाच्या मर्जीवर चालते, असेही त्यात ठासून म्हटले आहे.

पहिला मुद्दा सर्वांत खुळचट आहे. जंक्शनचा हा गुण सर्वज्ञात असल्याचे लेहोवेक यांनी आपल्या पेटंटातच लिहिले आहे. अडचण वेगळीच होती. सिलिकॉनच्या एकाच तुकड्यावर शेजारी बसवलेल्या दोन ट्रान्झिस्टरांमध्ये प्रवाह खालच्या पदार्थातून झिरपतो. लेहोवेक यांनी मध्ये पाठीला पाठ लावून दोन जंक्शने ठेवली. व्होल्टेज कोणत्याही दिशेने असले तरी त्यांतले एक वाट अडवतेच. सप्टेंबर 1958 मध्ये पहिला एकात्मिक परिपथ (इंटिग्रेटेड सर्किट, म्हणजेच चिप) चालवून दाखवणाऱ्या जॅक किल्बी यांचा भर मात्र पदार्थालाच आकार देण्यावर होता. सहज सुचण्याजोग्या गोष्टीला पेटंट मिळत नाही; म्हणून विचारायचे ते एवढेच, की एप्रिल 1959 मध्ये, अर्जाच्या वेळी, या क्षेत्रातल्या सामान्य जाणकाराला ही रचना सहज सुचली असती का. आज ती विद्यार्थ्याला चटकन समजते, हा त्याचा पुरावा नव्हे.

केएसआर निकाल संदेशकर्त्याने वाचलेला दिसत नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 2007 मध्ये मोटारीच्या पेडलला सेन्सर जोडण्याविषयीचा पेटंट-दावा रद्द केला हे खरे; पण प्रत्येक भाग सुटासुटा आधी माहीत होता, एवढ्यानेच शोध सहज सुचण्याजोगा ठरत नाही, असे त्याच निकालात स्पष्ट म्हटले आहे. ते भाग तसे जोडण्याचे कारण जाणकाराकडे होते का, हे पाहावे लागते.

सारे परीक्षकाच्या मर्जीवर चालते, हेही चूक आहे. पूर्वज्ञान, त्याहून असलेला फरक आणि जाणकाराची पातळी तपासण्याची चौकट त्याच न्यायालयाच्या 1966 च्या ग्रॅहम निकालापासून आहे.

एक गोष्ट मात्र नाइलाजाने मान्य करावी लागते. परिचित भाग परिचित रीतीने जोडून अपेक्षित तेवढाच परिणाम मिळत असेल, तर केएसआरनंतर पेटंट टिकवणे अवघड झाले आहे. शिवाय फेअरचाइल्ड या सेमीकंडक्टर कंपनीत रॉबर्ट नॉइसही त्याच सुमारास जंक्शनने विलग करण्याच्या कल्पनेपर्यंत पोहोचले होते, आणि दोघांना जवळपास एकाच वेळी स्वतंत्रपणे सुचलेली गोष्ट सहज सुचण्याजोगी होती, असा युक्तिवाद न्यायालयात करता येतो. लेहोवेक यांच्या पेटंटावर आक्षेप घ्यायचाच असेल, तर तो या बाजूने घ्यावा.