‘मोठे हॉटेल म्हणजे निर्धास्त’ : एका फिरत्या संदेशाचा प्रतिवाद

सांगली-साताऱ्याकडच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटांतून सध्या एक संदेश फिरत आहे. गव्हाची ‘ॲलर्जी’ असणाऱ्यांनी प्रवासात डबा वाहण्याचे कारण नाही. महामार्गावरच्या नामांकित साखळी उपाहारगृहांत सगळे प्रमाणित असते. पोळी आणि ब्रेड टाळून डोसा, इडली, फ्राइड राइस, फ्रेंच फ्राइज निर्धास्त खावेत. उकळत्या तेलात ग्लुटेन, म्हणजे गव्हातले चिवट प्रथिन, जळून जाते. आणि चुकून थोडे पोटात गेलेच, तर शरीराला हळूहळू सवय होते, असा त्याचा आशय आहे. आमच्या मुलीला सिलिॲक, म्हणजे ग्लुटेन अजिबात न चालणारा आजार, आहे आणि हा संदेश आम्हाला तिघा नातेवाइकांनी, अर्थात आपुलकीनेच, पाठवला. म्हणून त्यातले एकेक विधान तपासून पाहणे भाग पडले.

‘ॲलर्जी’ या शब्दापाशीच गफलत सुरू होते. सिलिॲकमध्ये गहू, जव आणि राय या धान्यांतल्या ग्लुटेनमुळे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लहान आतड्याच्या अस्तरावर उलटते. अंगावर पित्त उठले नाही किंवा पोट दुखले नाही, म्हणजे आत काही घडले नाही, असे त्यामुळे म्हणता येत नाही.

‘साखळीत सगळे प्रमाणित असते’ हे विधान अर्धे खरे आहे, आणि ते अर्धे मी मान्य करते. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या लेबलिंगविषयक नियमांनुसार दहा किंवा अधिक ठिकाणी शाखा असलेल्या उपाहारगृहांना मेनूवर पदार्थांचे उष्मांक द्यावे लागतात, तसेच ॲलर्जी आणणाऱ्या घटकांची माहितीही द्यावी लागते, आणि त्या घटकांत ग्लुटेनयुक्त धान्ये येतात. कोपऱ्यावरच्या वडापावच्या गाडीकडून अशा तक्त्याची अपेक्षा कोणी करत नाही. परंतु हा तक्ता पदार्थात काय घातले ते सांगतो. पदार्थ कोणत्या तव्यावर भाजला आणि कोणत्या कढईत तळला, हे सांगत नाही. डॉमिनोजने २०१२ मध्ये अमेरिकेत ग्लुटेनमुक्त पिझ्झा बेस आणला, तेव्हा स्वयंपाकघर सामाईक असल्यामुळे सिलिॲकच्या रुग्णांनी तो खाऊ नये, असे त्या कंपनीनेच स्पष्ट केले होते. तिथल्याच उपाहारगृहांतील ‘ग्लुटेनमुक्त’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पदार्थांच्या ग्राहकांनी केलेल्या हजारो चाचण्यांचे विश्लेषण २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांपैकी सुमारे ३२ टक्के चाचण्यांत ग्लुटेन सापडले, आणि पिझ्झाच्या बाबतीत हे प्रमाण निम्म्याहून अधिक होते.

डोसा-इडलीचा मुद्दा मात्र सर्वांत फसवा आहे, कारण तो ऐकताक्षणी पटतो. तांदूळ आणि उडीद यांत ग्लुटेन नाही, हे खरेच आहे. गेल्या वर्षी साताऱ्याच्या अलीकडे एका साखळी उपाहारगृहात आम्ही याच भरवशावर साधा डोसा मागवला. काउंटरवरच्या मुलाला मी विचारले, “यात गहू नाही ना?” तो मनापासून म्हणाला, “नाही मॅडम, डोशात गहू कुठला?” त्याचे उत्तर चूक नव्हते. काचेपलीकडे पाहिले, तर आचाऱ्याने त्याच लांब तव्यावर रवा डोशाचे पातळ पीठ नुकतेच शिंपडले होते. तो रवा डोसा निघताच पाण्याचा हबका मारून, खराट्याने तवा झाडून, त्याच जागी आमचा डोसा पसरला आणि त्याच उलथन्याने उचलला. तवा दिसायला स्वच्छ होता, पण कडेला रव्याची जाळी चिकटलेली होती. आम्ही तो डोसा मुलीला दिला नाही.

दोष त्या मुलाचा नव्हता, माझ्या प्रश्नाचा होता. आपल्याकडे गहू, रवा आणि मैदा या बोलण्यात तीन निरनिराळ्या वस्तू आहेत. ‘गहू नाही’ असे सांगणाऱ्याच्या मनात मैदा नसतोच. शिवाय इडली रवा तांदळाचा आणि उपम्याचा रवा गव्हाचा, त्यामुळे ‘रवा इडली’ म्हणजे नक्की कोणती, हे वेगळे विचारावे लागते. सांबारातला हिंग हा आणखी एक छुपा मार्ग, कारण डबीतल्या हिंगात बहुधा मैदा किंवा गव्हाचे पीठ मिसळलेले असते. फ्राइड राइसमधला सोया सॉसही सहसा सोयाबीनबरोबर गहू आंबवून केलेला असतो. तेव्हा प्रश्न ‘ग्लुटेन आहे का’ असा नको. मैदा, रवा, कणीक, दलिया, हिंग, सॉस अशी नावे घेऊन विचारावे, आणि जमल्यास वाढणाऱ्याऐवजी आचाऱ्याला विचारावे.

तेलाविषयीचे विधान सरळसरळ चूक आहे. तळणीच्या तापमानाला ग्लुटेन नष्ट होत नाही. ज्या तेलात मैद्याच्या पारीचे समोसे किंवा ब्रेडचा चुरा लावलेल्या टिक्क्या तळल्या, त्याच तेलातून निघालेले बटाटेही सिलिॲकच्या रुग्णासाठी बाद होतात. काही गोठवलेल्या फ्राइजना कुरकुरीतपणासाठी पिठाचा लेप आधीच दिलेला असतो, हे तर वेगळेच.

राहिला प्रश्न ‘थोड्या’चा. भारतात ग्लुटेनमुक्त म्हणवण्यासाठी मर्यादा किलोमागे २० मिलीग्रॅम आहे. रोज ५० मिलीग्रॅम ग्लुटेन तीन महिने घेतल्यास रुग्णांच्या आतड्याच्या अस्तराला इजा होते, हे अभ्यासात दिसले आहे. ब्रेडच्या एका स्लाइसमध्ये साधारण दोन ग्रॅम ग्लुटेन धरले, तर ५० मिलीग्रॅम म्हणजे त्या स्लाइसचा चाळिसावा भाग, म्हणजे ताटात पडलेला चुरा. या आजारात शरीराला ‘सवय’ होत नाही. फार तर त्रास जाणवेनासा होतो आणि नुकसान चालूच राहते.

प्रवासात आम्ही थांबतो अजूनही त्याच उपाहारगृहांत, कारण बसायला जागा आणि स्वच्छतागृह तिथे बरे असते. बाकीचे मागवतात, मुलगी डब्यातली ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी काढते. त्याला कोणी हरकत घेतलेली नाही. तिथून तिच्यासाठी घेतो ते साधे दूध. मसाला ताकाच्या पाकिटावर हिंग लिहिलेला असतो, म्हणून तेही नाही.